वाचकांचे प्रश्न : वजनकाटा, पाटल्या आणि प्रसादाची वाटी

इंदूरच्या ख्रिस्ती वाचकांकडून आलेली पाच पत्रं या अंकात घेतली आहेत. नावं गाळली आहेत आणि मजकूर आटोपशीर केला आहे.

प्रश्न : परदेशीपुऱ्यात माझं शेव-नमकीनचं छोटं दुकान आहे. दशांश, म्हणजे देवाला अर्पण करायचा उत्पन्नाचा दहावा भाग, रोजच्या गल्ल्यावर काढायचा की नफ्यावर? गल्ल्यावर काढला तर महिनाअखेरीस उसनवारी करावी लागते, नाही काढला तर मन खातं.

नफ्यावर काढा. बायबलातल्या लेवीय 27 मधला दशांश भूमीच्या उपजाचा आणि काठीखालून जाणाऱ्या दहाव्या जनावराचा आहे, म्हणजे हाती आलेल्या उत्पन्नाचा. तुमच्या गल्ल्यातले बरेचसे पैसे तुमचे नसतातच. बेसनवाल्याचे, तेलवाल्याचे, घरमालकाचे आणि कारागिराचे पैसे त्यात असतात. कारागिराची मजुरी अडकवून अर्पणाचं पाकीट भरणं तर याकोबाच्या पत्रातल्या पाचव्या अध्यायाच्या अगदी उलट आहे.

आकडे धरून पाहू. रोजचा गल्ला 6,000 आणि महिन्याला 26 दिवस दुकान, तर 1,56,000 रुपये जमले. बेसन, तेल आणि मसाला 98,000, भाडं 12,000, कारागीर 12,500, गॅस 9,000, वीज आणि डबे-पिशव्या 2,500 असे 1,34,000 गेले. उरले 22,000. त्याचा दशांश 2,200. गल्ल्यावर काढला असता तर 15,600 झाला असता आणि घर 6,400 रुपयांत चालवावं लागलं असतं. तुमची उसनवारी इथूनच येते. मात्र घरी नेलेली शेव आणि गल्ल्यातून परस्पर भरलेली मुलांची फी वहीत लिहा. ती खर्चात जात नाही, ती नफ्यातच धरायची.

महिनाअखेरीची वाट पाहू नका. तेव्हा काहीच उरलेलं नसतं, हा बहुतेक घरांचा अनुभव आहे. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ज्याला जशी प्राप्ती झाली असेल तसं बाजूला ठेवायला सांगितलं (1 करिंथ 16:2). शनिवारी रात्री वही मिटताना 500 रुपये वेगळे काढा आणि महिन्याच्या शेवटी हिशेब करून कमी-जास्त पुरं करा. हे पैसे घरातल्या पाकिटात राहिले की गॅसवाला दारात आल्यावर त्यातूनच दिले जातात, म्हणून बँकेत वेगळं खातं बरं. डोक्यावर व्याजाचं कर्ज असेल तर कर्ज काढून अर्पण देऊ नका. तीन टक्क्यांपासून सुरुवात करा, दर सहा महिन्यांनी एक टक्का वाढवा, साडेतीन वर्षांत दहावर याल. नव्या करारात पौल आकडा ठरवून देत नाही, मनात ठरवल्याप्रमाणे, कुरकुर न करता द्या म्हणतो (2 करिंथ 9:7). दहावा भाग हे आमच्या मते चांगलं माप आहे, पण तो कर नव्हे. वयस्कर आईवडिलांच्या औषधाचे पैसे “देवाला दिले” म्हणून हात वर करणाऱ्यांबद्दल प्रभू येशूने काय म्हटलं, ते मार्क 7 मध्ये ‘कुर्बान’ या शब्दापाशी वाचा.

तुम्ही विचारलेलं नाही, पण दुकान नमकीनचं आहे म्हणून सांगायलाच हवं. मत्तय 23:23 मध्ये प्रभू पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश देणाऱ्यांना न्यायाची आठवण करून देतो. जिरं तुमच्या दुकानात रोज तोललं जातं. पाव किलो शेव डब्यासकट तोलली आणि डबा 20 ग्रॅमचा असला, तर गिऱ्हाइकाला मिळते 230 ग्रॅम. शेवेचा भाव 280 रुपये किलो धरला तर एका डब्यामागे 5 रुपये 60 पैसे त्याच्या खिशातून गेले. दिवसाला असे 40 डबे विकले तर 224 रुपये, महिन्याला 5,824. दशांश 2,200 आणि डब्याच्या पुठ्ठ्याचे 5,824! रिकामा डबा काट्यावर ठेवा, टेअरचं बटण दाबा, आकडा शून्यावर आलेला गिऱ्हाइकाला दिसू द्या, मग शेव घाला. कायद्यालाही निव्वळ वजनच लागतं, आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर दरवर्षी नवा शिक्का मारून घ्यावा लागतो. सणासुदीला गर्दीत मुलगा काट्यावर असतो आणि घाईत बटण राहून जातं. दिवाळी-राखीच्या आधी त्याला शेजारी उभं करून दोन दिवस सराव द्या. डब्याचे पैसे सुटत नसतील तर शेवेचा भाव उघडपणे पाच रुपयांनी वाढवा.

प्रश्न : सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, सासरे त्याआधीच गेले होते. सासूबाईंच्या चार पाटल्या थोरल्या जाऊबाईंकडेच राहिल्या. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. एकाच चर्चमध्ये आम्ही दोन टोकांच्या बाकांवर बसतो. अशा मनाने प्रभुभोजन (उपासनेत वाटली जाणारी भाकर आणि द्राक्षरस) घ्यावं का?

आधी पाटल्यांचं बघू, कारण त्यांत एक मोठा गैरसमज आहे. ख्रिस्ती माणसाच्या वारसाला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल आणि पती हयात नसेल, तर आईची मालमत्ता सगळ्या मुलांमध्ये सारखी वाटली जाते, मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. सून स्वतःच्या नात्याने वारस होत नाही. म्हणजे पाटल्या जाऊबाईंच्याही नाहीत आणि तुमच्याही नाहीत. त्या तुमच्या दिरांच्या, तुमच्या यजमानांच्या आणि नणंद असेल तर तिच्याही आहेत. नणंदेला या दोन वर्षांत कुणी विचारलं का? बहुतेक घरांत तिला “लग्नात दिलं ना” म्हणून बाजूला ठेवतात आणि दोन सुना तिच्या वाट्यावरून भांडत राहतात. सासूबाईंनी दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र केलं असेल तर गोष्ट वेगळी, ते आधी शोधा. “मला तोंडी म्हणाल्या होत्या” हे मृत्युपत्र नव्हे.

आता प्रभुभोजन. मत्तय 5:23-24 मध्ये क्रम स्पष्ट आहे. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. दोष कुणाचा हे तिथे विचारलेलंच नाही. ज्याला आठवलं त्याने जायचं, आणि तुम्हाला आठवलं आहे.

जायचं कसं, तर एकटीने (मत्तय 18:15). यजमानांना बरोबर नेलं की ती दोन भावांची बैठक होते. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नका, तिथे आवाज पोचत नाही आणि मजकूर मात्र नणंदेपासून मावशीपर्यंत फिरतो. उपासनेनंतर चर्चच्या आवारातही नको. तिथे पन्नास डोळे असतात आणि माणूस खरं बोलण्याऐवजी शोभेल ते बोलतो. आठवड्यातल्या एखाद्या दुपारी, मुलं शाळेत असताना, आधी फोन करून त्यांच्या घरी जा. फोनवर एवढंच म्हणा, “ताई, अर्धा तास येऊ का? भांडायला येत नाहीये.”

घरात बसल्यावर पहिलं वाक्य स्वतःच्या चुकीचं असू द्या, आणि ती चूक नेमकी असू द्या. “काही चुकलं असेल तर माफ करा” यात कबुली नाही. “ताई, सासूबाईंच्या स्मरणाच्या उपासनेला मी चारचौघींत तुम्हाला लोभी म्हणाले. ते माझं चुकलं. मला क्षमा करा.” एवढं म्हणा आणि थांबा. पुढचा शब्द ‘पण’ असेल तर तो गिळा, कारण ‘पण’ आल्यावर आधीची क्षमा ऐकणाऱ्याच्या कानावरून पुसली जाते. पाटल्यांचा विषय त्या दिवशी काढूच नका. त्यांनी काढला तर म्हणा, “त्याचं आपण सगळे बसून ठरवू, आज मी त्यासाठी आले नाही.” चहा दिला तर प्या. त्या रडल्या, चिडल्या किंवा गप्प बसल्या तरी अर्ध्या तासात उठा.

साधारण आठवड्याने तिघं भावंडं बसतील असं बघा. पाटल्या सराफाकडे सगळ्यांसमक्ष तोलून घ्या, शुद्धताही तपासून घ्या. जुनं सोनं नेहमी 22 कॅरेटचं निघतंच असं नाही. समजा 42 ग्रॅम भरल्या आणि भावंडं तीन आहेत, तर प्रत्येकाचे 14 ग्रॅम. ज्याला आईची आठवण म्हणून पाटल्या ठेवायच्या त्याने त्या दिवसाच्या भावाने बाकीच्या दोघांना पैसे द्यावेत. घडणावळ मोजायची नाही, ती कुणालाच परत मिळत नसते. मोडायच्या ठरल्या तर घट आणि वजनाची पावती घ्या. जे ठरेल ते कागदावर लिहून तिघांनी सह्या करा आणि प्रत्येकी एक प्रत ठेवा. विश्वास कमी म्हणून हे करायचं नाही. पाच वर्षांनी आठवणी वेगवेगळ्या निघतात आणि भांडण पुन्हा पेटतं.

हेही जमलं नाही तर मत्तय 18:16 प्रमाणे एकदोघांना बरोबर घ्या, पण तुमच्या बाजूची माणसं नव्हे. जाऊबाई ज्यांचं ऐकतात अशी एखादी वडीलधारी बाई निवडा. पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, शेवटी जा. अनेक घरं त्यांच्याकडे सगळ्यात आधी जातात, मग ते एका पक्षाचे ठरतात आणि मध्यस्थीचा मार्ग बंद होतो.

या महिन्याच्या प्रभुभोजनाबद्दल आमचं मत असं. एकदाही गेला नसाल तर या खेपेला थांबा, आणि जाण्याचा दिवस आजच ठरवा. जाऊन आलात आणि त्यांनी दार लावून घेतलं, तर निःशंक मनाने पुढे या. “तुमच्याकडून होईल तितकं” सर्वांशी शांतीने राहा, असं रोम 12:18 मध्ये आहे. त्यांच्याकडून व्हायचं ते तुमच्या हाती नाही. आणि 1 करिंथ 11:28 नीट वाचा. परीक्षा करावी आणि मग खावं, असं तिथे आहे, परीक्षा करावी आणि लांब राहावं असं नाही. वर्षानुवर्षं प्रभुभोजन टाळणाऱ्यांना वाटतं की आपण पवित्र गोष्टीचा मान राखतो आहोत. प्रत्यक्षात समेटाला न जाण्याची ती सोय होऊन बसते.

प्रश्न : आम्ही लोकमान्य नगरात राहतो. गणपतीत शेजारच्या काकू मोदकांची वाटी घेऊन येतात, आणि मंडळाची मुलं वर्गणीला येतात. नाही म्हटलं तर दुखावतात, हो म्हटलं तर आमच्या घरातली मोठी माणसं रागावतात.

पौलासमोर हा प्रश्न जसाच्या तसा होता. 1 करिंथच्या दहाव्या अध्यायात त्याने बारकावे वेगवेगळे केले आहेत. बाजारात विकलं जातं ते चौकशी न करता घ्या. कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण “हे नैवेद्याचं आहे” असं कुणी मुद्दाम सांगितलं तर, सांगणाऱ्याच्या विवेकासाठी, खाऊ नका. आणि प्रत्यक्ष पूजेत भागी होणं आणि प्रभूच्या मेजावर बसणं एकत्र चालत नाही. यावरून काही मंडळ्या प्रसाद अजिबात घेत नाहीत, काहीजण शेजाराचा खाऊ म्हणून घेतात. आमचं मत न घेण्याकडे आहे, कारण तो प्रसाद आहे हे काकू स्वतःच सांगतात. पण घरातल्या सगळ्यांनी एकच ठरवा. सासूबाईंनी दारातून परत पाठवायचं आणि नातवाने जिन्यात उभं राहून खायचं, यात काकूंचा अपमान दुप्पट होतो.

सगळ्यात वाईट म्हणजे हसून वाटी घ्यायची आणि मोदक ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. सकाळी कचरागाडीपाशी डबे उघडतात तेव्हा सगळी गल्ली तिथे असते. पण कुणी पाहिलं नाही तरी ते खोटंच. त्याऐवजी गणपती बसायच्या आठवडाभर आधी, दारात वाटी नसताना बोला : “काकू, आम्ही प्रसाद घेत नाही, आमच्या विश्वासात तसं आहे. तुमच्यावर राग नाही. पण तुमच्या हातचे मोदक मला फार आवडतात, नैवेद्याच्या आधी दोन बाजूला काढून ठेवाल का?” काही घरांत नैवेद्याआधी काढणं चालत नाही. मग म्हणा, “गणपती झाल्यावर एकदा करा, मी सारण करायला येते.” नकाराबरोबर त्यांच्या स्वयंपाकघरात जायची तयारी दाखवली की नाकारलं काय आणि कुणाला नाही, हे काकूंना आपोआप समजतं.

वर्गणीचंही तसंच. मंडळाच्या मुलांना दारातून हाकलू नका आणि मूर्तीसाठी गुपचूप पैसेही देऊ नका. कार्यकर्त्यांना विचारा, पिण्याचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी किंवा रक्तदान शिबिर यांतलं काय आमच्या नावे लावता? पावतीवर ते लिहून घ्या. अनंत चतुर्दशीच्या रात्री कापडगिरण्यांच्या कामगारांच्या परंपरेतल्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) पाहायला लोक रस्त्यावर रात्र काढतात. तिथे पाण्याच्या टाकीपाशी उभं राहायला आणि पहाटे रस्ता झाडायला माणसं नेहमीच कमी पडतात. चर्चच्या तरुण संघाने तो भाग अंगावर घ्यावा. पत्रकं मात्र वाटू नयेत, नाहीतर पाणी हे निमित्त ठरतं.

नाताळात तुमची ताटं शेजारी जातात तेव्हा हाच विचार उलट बाजूने करा. केकमध्ये अंडं असेल तर सांगून द्या. शाकाहारी घरांसाठी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्याने करा. दोन अंड्यांऐवजी अर्धा कप दही आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा घातला की केक फुगतो. सुका मेवा रममध्ये भिजवायची रीत असेल तर शेजाऱ्यांच्या केकसाठी 250 ग्रॅम मेवा दीडशे मिलिलिटर संत्र्याच्या रसात रात्रभर ठेवा. जैन घरी देताना चिवड्यात कांदा, लसूण, बटाट्याचा कीस नको. काय घातलं आहे ते चिठ्ठीवर लिहून ताटात ठेवा. दरवर्षी डिसेंबरमध्ये कितीतरी केक शेजाऱ्यांकडे न खाता पडून राहतात, ते चिठ्ठी नसल्यामुळेच.

प्रश्न : यजमान पीथमपूरला पाळीवर जातात, मुलगा भंवरकुआँला कोचिंगला. कौटुंबिक प्रार्थनेला चौघं एका वेळी जमतच नाहीत.

चौघांची अट सोडा. दोघं-तिघं जमले तरी मी तिथे आहे, असं प्रभूचं वचन आहे. प्रार्थना घड्याळाला न बांधता जेवणाला बांधा. पाळी बदलली की आठची वेळ मोडते, पण दिवसातलं एखादं जेवण दोघं तरी मिळून करतातच. ताट वाढण्याआधी दहा मिनिटं पुरतात. एका भजनाची दोन कडवी म्हणा. ना. वा. टिळकांची भजनं अभंगाच्या वळणाची आहेत, पेटी नसली तरी टाळीवर म्हणता येतात. मग वाचन, दोन-तीन मिनिटं प्रार्थना, आणि शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सगळ्यांनी मिळून. जो घरी नाही त्याने तोच भाग बसमध्ये वाचावा.

वाचनासाठी उत्पत्तीपासून सुरुवात करू नका. उत्साह निर्गमच्या पंचविसाव्या अध्यायानंतर निवासमंडपाच्या मापांत अडकतो आणि लेवीयपाशी संपतो. नव्या करारात 260 अध्याय आहेत. आठवड्याला पाच घेतले तर 52 आठवड्यांत पुरे होतात आणि चुकलेलं भरून काढायला दर आठवड्याला दोन दिवस मोकळे राहतात. मार्कपासून सुरू करा, सोळाच अध्याय आहेत. लूकचा पहिला अध्याय 80 वचनांचा आहे, तो दोन दिवसांत वाटा.

प्रार्थनेत मुलाला टोमणे मारू नका. “प्रभू, याच्या हातातला मोबाइल सुटू दे” हे त्याच्या कानासाठी म्हटलेलं असतं, आणि ते त्याला कळतं. मग तो जेवायला उशिरा येऊ लागतो. वाचन त्याच्याकडे सोपवा. त्याची परीक्षा कधी आहे ते विचारा आणि त्याने सांगितलं तेवढंच मागा.

प्रश्न : आईचं वय 62, मधुमेहाच्या गोळ्या चालू. लेंतमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, चाळीस दिवस एकवेळ जेवायचं तिने ठरवलं आहे.

2027 मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे लेंतचा पहिला दिवस, 10 फेब्रुवारीला आणि ईस्टर 28 मार्चला आहे. मधले 46 दिवस, त्यांतले सहा रविवार उपासात धरत नाहीत. म्हणजे आईंना डॉक्टरांकडे जायला वेळ आहे, आणि त्याआधी काहीही ठरवायचं नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळलं तर साखर एकदम उतरते. घाम येतो, हात थरथरतात, धडधडतं, बोलणं असंबद्ध होतं. साखर 70 च्या खाली असेल तर लगेच तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, मग जेवायला घालायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा. उपासासाठी गोळी आपल्या मनाने बंद करणं तितकंच धोक्याचं.

डॉक्टरांनी नको म्हटलं तर आईंना वाटेल की आपला लेंत गेला. त्यांच्याबरोबर यशया 58 वाचा. देवाला आवडणारा उपास तिथे सांगितला आहे, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देण्याचा. जेवण वेळच्या वेळी राहू द्या आणि दुसरं काहीतरी सोडू द्या : संध्याकाळची मालिका, कुणाच्या तरी सुनेबद्दलचं बोलणं. घरातल्या बाकीच्यांनी सकाळचे बाहेरचे पोहे-जलेबी सोडावेत. एकाचे 40 रुपये धरले तर चाळीस दिवसांत 1,600 होतात. ते कुणाला द्यायचे हे आईंनी पहिल्याच दिवशी, नाव घेऊन ठरवावं, म्हणजे रोजच्या प्रार्थनेत त्या घराचं नाव येईल. आणि मत्तय 6 प्रमाणे याची वाच्यता मंडळीत नको. आई गोळीच्या वेळेला जेवल्या की नाही, हे मात्र घरात कुणीतरी एकाने रोज विचारायचं.